पुनपुन असेल तर बाहेर

सेंदाई, १२ जानेवारी १९८३

तोमिए,

हवापाण्याची प्रस्तावना वगळते. थंडी तुझ्याकडेही आहे आणि माझ्याकडेही, त्यात कळवण्यासारखं काही नाही.

तुझं पुडकं मिळालं. एकतीस कागद! कोजी कसा लावायचा ते क्रमाने लिहून पाठव, एवढंच मी सांगितलं होतं. मी ते चांगल्या अक्षरात उतरवून देणार आणि तू कंबरेच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात असशील तेव्हा सायोको ते वाचून खोली सांभाळणार, असं ठरलं होतं. तांदूळ किती भिजवायचा, किती वाफवायचा, त्यावर बुरशीचं बी किती भुरभुरवायचं, खोली किती गरम ठेवायची. साधी गोष्ट.

तू काय लिहिलंस? पान चार: "पहाटे दार उघडलं की मुवा यायला हवं." पान पाच: "मोवा आलं तर अजून वेळ आहे." पान सात: "हात घातल्यावर हिन्यारी लागलं तर कोजी झोपलाय, घोंगडी घाल." पान नऊवर त्सुन आहे, पान अकरावर पोकापोका आहे. हे लेखन आहे की कोंबड्यांचं खुराडं?

मी छत्तीस वर्षं मुलींना भाषा शिकवली. निबंधात असे आवाज आले की मी लाल शाईने गोल करत असे. हवेला आवाज नसतो. उष्णतेला तर नसतोच. वासाला असेल तर तो फक्त तुलाच ऐकू येतो.

खोलीत तुझ्या नवऱ्याने लावलेलं थर्मामीटर आहे ना? त्यावर अंश असतात. मुवा म्हणजे किती अंश, मोवा म्हणजे किती, आणि दोन्हींत फरक काय, एवढं कळव. फेब्रुवारीपासून सगळं खोरं सोयाबीन आंबवून वर्षाचा मिसो घालण्यासाठी तुझ्याकडे तांदूळ आणतं. यंदा खोली बंद राहिली तर ते लोक कारखान्यातला तयार कोजी घेतील आणि पुन्हा तुझ्या दारात येणार नाहीत, हे तूच लिहिलं आहेस. मग निदान सुनेला कळेल असं तरी लिही.

किनुए


योकोते, १६ जानेवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

इकडे बर्फ पडवीच्या छपराला टेकला आहे. योशिनारी पहाटे तीनला बर्फ लोटायची गाडी घेऊन रस्त्यावर जातो आणि दुपारी येऊन झोपतो, त्यामुळे घरात आम्ही दोघीच सासू-सून. तू मात्र सेंदाईत सुखरूप असशील. प्रस्तावना वगळायची तर पत्र सुरू कुठून करायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

ताई, तू रागावू नकोस. थर्मामीटर पाहुण्यांसाठी आहे. हे गेले त्या वर्षापासून ते एकोणतीसवर अडकून बसलंय. मी पुसून ठेवते, बरं दिसतं.

मोवा आणि मुवा यांत फरक असा: मोवा म्हणजे हवा तोंडाला लागते आणि तिथेच थांबते. मुवा म्हणजे तोंडाला लागून आत शिरते, गळ्याच्या मागे बसते, आणि तिला उकडलेल्या चेस्टनटचा वास असतो. यात न कळण्यासारखं काय आहे? भाताच्या हंडीचं झाकण काढताना तू तोंड मागे घेतेस ना, ते मुवा. नाही, ते मोवा. म्हणजे चांगल्या तांदळाचं असेल तर मुवा.

पुनपुन मात्र नीट लिही. नात्तोचा, त्या आंबवलेल्या चिकट सोयाबीनचा, जंतू खोलीत शिरला की कोजी बिघडतो, बुळबुळीत होतो आणि पुनपुन वास मारायला लागतो. सायोकोने तो वास कधी घेतलेला नाही, कारण माझ्या हातून गेल्या चौदा वर्षांत एकदाही बिघडलेला नाही. म्हणून तर आमच्या घरात थंडीभर नात्तो आणत नाही. सायोकोला त्याचं काही नाही, ती ओकायामाची, तिकडे नात्तोला नाकच मुरडतात. जीव जातो तो योशिनारीचा.

ती पोर कामाला वाईट नाही. पण तोंड उघडत नाही. एकदाच विचारलं, "आई, मुवा म्हणजे किती?" मी म्हटलं, "आत जाऊन उभी राहा." गेली आणि उभी राहिली. तासाने आले तर अजून उभीच! परवा तिने सगळे ट्रे रचले. ती जेवायला गेल्यावर मी ते पुन्हा रचले. एक शब्द बोलले नाही; मी कुणाला बोलणारी आहे का? तरी संध्याकाळपर्यंत गाल फुगवून बसली होती. हल्लीच्या मुलींना बोललेलंही चालत नाही आणि न बोललेलंही.

मी चोवीसला दाखल होते. तोवर कागद आला तर बरं.

तोमिए


सेंदाई, २० जानेवारी

तोमिए,

एकतीस कागदांचा एक केला आहे. शिवाय एक वेगळा. दोन्ही थेट घरी पाठवत आहे. मोठा कागद खोलीच्या आतल्या भिंतीवर लावायचा, वेगळा दारावर, बाहेरून. योशिनारीला सांग, वाकडे लावू नकोस.

तुझे आवाज मी ठेवले आहेत, कारण त्यांच्या जागी घालायला तू मला एकही आकडा दिला नाहीस. बाकी सगळं छाटलं. "देव न करो", "बाई गं", "माझ्या सासूबाई सांगायच्या" हे सगळं गेलं. उदाहरणादाखल दाखवते. तू लिहिलं होतंस:

"कधी काय होतं, देव न करो, दार उघडल्याबरोबर कोजीला पुनपुन वास येतो, नात्तोसारखा, तेव्हा बाई घाबरायचं नाही, पण विचारही करत बसायचं नाही, दार सताड उघडं टाकून ते सगळे ट्रे उचलून बाहेर बर्फात नेऊन उपडे करायचे, जीव तुटला तरी, कारण एक ट्रे मागे ठेवला तर तो बाकीच्यांना बिघडवतो."

मी केलं:

"पुनपुन असेल तर दार उघडून बाहेर. विचार करत बसू नये. एकामुळे सगळे बिघडतात."

अर्थ तोच. 'कोजी' हा शब्दही काढला. कोजीच्या खोलीच्या दारावर कोजीबद्दलच लिहिलेलं असणार, गावच्या पोस्टमास्तरबद्दल नाही. जे उघड आहे ते लिहायचं नसतं, हे मी तुला लहानपणापासून सांगते आहे. सर्वांत महत्त्वाची सूचना म्हणून हीच वेगळ्या कागदावर जाड कुंचल्याने लिहिली आहे. अक्षर चांगलं आलं आहे.

शस्त्रक्रियेच्या आधी नखं काप.

किनुए


योकोते, इस्पितळातून, ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

कंबर बरी आहे. डॉक्टर म्हणतात मार्चमध्ये काठीने चालशील. शेजारच्या खाटेवर ओकिसे आजी आहेत, ऐंशीच्या, दिवसभर खिडकीतून बर्फ मोजतात आणि मला चुकीचा आकडा सांगतात.

ताई, सायोको गेली.

पहिला आठवडा रोज संध्याकाळी बसने यायची. कोजीची मूठभर पुडी आणायची, मी हुंगायची, मान हलवायची, ती परत जायची. तीन तारखेपासून आलीच नाही. योशिनारीला विचारलं तर म्हणाला, तिच्या आईला सर्दी झाली म्हणून माहेरी गेली. सर्दीसाठी कुणी ओकायामाला जातं का, दीड दिवसाचा प्रवास! खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "चिठ्ठी ठेवून गेली." चिठ्ठीत काय, तर "आपल्या सर्वांच्या इच्छेप्रमाणे मी जात आहे." कुणाची इच्छा? मी तर तिला एक शब्द बोलले नाही!

सध्या खोलीत तोच जातो. त्याचं नाक म्हणजे नदीतला धोंडा. काल पुडी आणली, मी दोनदा हुंगली. अजून बिघडलेला नाही, पण हवा बरी नाही. एक मार्चला वरच्या वाडीची दहा घरं तांदूळ आणणार आहेत. नाही म्हणून कळवायचं का? एकदा नाही म्हटलं की झालं, ताई. मी इस्पितळाच्या बाहत्तर पायऱ्या उतरून तिला शोधायला जाऊ शकत नाही. तू काहीतरी कर. तुला लिहिता येतं.

तोमिए


सेंदाई, १२ फेब्रुवारी

सायोको,

तुझा माहेरचा पत्ता योशिनारीकडून मागवला. त्याने तो तीनदा चुकीचा सांगितला.

मी तुझ्या सासूची थोरली बहीण. लग्नात आपण भेटलो होतो. मी तुला पंखा दिला होता. मी लांबण लावत नाही. सासू इस्पितळात खाटेवर असताना तिची खोली सोडून, नवऱ्याच्या उशाशी एका ओळीची चिठ्ठी ठेवून निघून जाणं, याला आमच्या वेळी एक शब्द होता. तो मी लिहीत नाही.

तुझा काही राग असेल. सासू-सुनेत असतो. पण राग आहे तर तो बोलावा, नाहीतर गिळावा. रेल्वेत बसवून ओकायामाला नेऊ नये. कोजी थांबत नाही. तो तापतो आणि मरतो. एक मार्चला दहा घरांचा तांदूळ येणार आहे, आणि तो हाताळणारे हात या घटकेला तुझ्याशिवाय कुणाकडे नाहीत. मी सगळ्या सूचना स्पष्ट लिहून पाठवल्या होत्या. त्या वाचूनही तुला जमलं नसेल तर तसं सांग. वाचल्याच नसतील तर तेही सांग.

उत्तर ताबडतोब हवं.

किनुए


तामाशिमा, ओकायामा, १७ फेब्रुवारी

आदरणीय किनुए मावशींना सविनय नमस्कार.

इकडे प्लमच्या झाडांना पहिली फुलं आली आहेत. सेंदाईत अजून कडाका असेल. आपली प्रकृती उत्तम असावी.

आपल्या पत्रातील प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणं माझं कर्तव्य आहे. सूचना मी वाचल्या. आतल्या भिंतीवरच्या सूचना मला पाठ आहेत. दारावरची सूचनाही पाठ आहे. मी तिच्याप्रमाणेच वागले.

मावशी, आपण माझ्याशी स्पष्ट बोलता म्हणून मीही बोलते. कागद आला त्याच्या दहा दिवस आधी आईंनी माझे सगळे ट्रे हलवले होते. काय चुकलं ते सांगितलं नाही. मला राग आला होता आणि तो चेहऱ्यावर दिसला असेल. मग आपल्या हातचा कागद आला. "पुनपुन असेल तर दार उघडून बाहेर. विचार करत बसू नये. एकामुळे सगळे बिघडतात." आमच्याकडे पुनपुन म्हणतात ते फुरंगटलेल्या मुलीला. मला वाटलं, आईंनी आपल्याला सगळं कळवलं, आणि आपण थोरल्या म्हणून मला लिहून सांगितलं.

तरी मी स्वतःला म्हटलं, असं कसं असेल. मी कागद लावणाऱ्या यांना विचारलं, "हे कुणासाठी आहे?" यांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि हसत म्हणाले, "दुसरं कोण? तुझ्यासाठीच दिसतंय! मावशींनी पार ओळखलं तुला." आणि खिळा ठोकला.

मी नऊ दिवस राहिले. खोलीत दिवसातून सहा वेळा जावं लागतं. सहा वेळा तो कागद माझ्या डोळ्यांसमोर यायचा. अक्षर फार सुंदर आहे.

निघालेल्या सकाळी मी आत गेले होते. हवा मोवाच्या पुढे गेली होती पण मुवाला पोचली नव्हती. डाव्या कोपऱ्यात थोडी आधी पोचते, कारण त्या भिंतीमागे चूल आहे. म्हणून मी डावीकडचे ट्रे खाली आणि उजवीकडचे वर ठेवत असे. आईंनी हलवले ते हेच. मी यांना सांगितलं होतं, दोन तासांनी अदलाबदल करा. केली असेल असं वाटत नाही.

माझं काही चुकलं असल्यास क्षमा असावी. परत येण्याविषयी आपण विचारलेलं नाही, म्हणून त्याचं उत्तर देत नाही.

सायोको


योकोते, २२ फेब्रुवारी

सायोको,

हे पत्र मी तुझ्या सासरच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. तुझं पत्र मिळालं आणि दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसले. कितोकामीला गाडी बदलली (कितोकामी नाही, किताकामी, बघ, माझ्याही हातून शुद्धलेखन चुकायला लागलं), बर्फामुळे चार तास अडकले, आणि त्या चार तासांत तुझं पत्र इतक्यांदा वाचलं की समोरच्या बाईने विचारलं, "मुलाचं का हो?"

आता मी एक वाक्य लिहिते. त्यात एकही शब्द छाटलेला नाही.

कोजीच्या खोलीतल्या ट्रेमधल्या कोजीला नात्तोसारखा पुनपुन वास येऊ लागला, तर सायोकोने खोलीचं दार उघडून त्या कोजीचे ट्रे बाहेर न्यावेत आणि तो कोजी बर्फात टाकावा; सायोकोने स्वतः बाहेर जाऊ नये, आणि गेलीच तर परत यावं.

हे तुझ्या सासूने लिहिलं होतं. शेवटचा भाग सोडून. तिचं वाक्य लांब, गबाळं आणि बिनचूक होतं. त्यातून 'कोजी' आणि 'ट्रे' काढले ते मी. एकच शब्द वासालाही चालतो आणि फुरंगटलेल्या माणसालाही, हे मी वर्गात किती वेळा शिकवलं असेल त्याला गणती नाही. फळ्यावर दोन रकाने करून शिकवत असे. आणि स्वतः लिहिताना मला तो दुसरा रकाना दिसला नाही. हे लिहायला मला सोपं जात नाही, म्हणून एकदाच लिहिते: चूक माझी आहे. तू वाचलंस ते बरोबर वाचलंस. मीच वाईट लिहिलं होतं.

स्टेशनवर योशिनारी घ्यायला आला होता. मी विचारलं, "तू काय म्हणालास तिला?"

"कधी?"

"खिळा ठोकताना."

"गंमत केली हो मावशी."

"तिला गंमत वाटली का?"

"हसली नाही खरी." गाडी सुरू केली. मग म्हणाला, "ती एरवीही फारशी हसत नाही, म्हणून मला कळलं नाही."

एकूण या खानदानात कुणाला काही कळतच नाही. मी त्याला म्हटलं, आधी ते दार दाखव.

सायोको, मी एक्काहत्तर वर्षांची आहे आणि त्या खोलीत याआधी कधी गेले नव्हते. तोमिएचं लग्न झाल्यापासून तिकडे जायला मला लाज वाटत असे, कपड्यांना वास लागतो म्हणून. आज दार उघडलं. चष्म्यावर वाफ चढली, मला काही दिसेना, आणि मग तो वास आला. नाकाला नाही, कपाळाला लागला. कुणी मला काही सांगायची गरज पडली नाही. मी किंचाळलेच, "पुनपुन!" योशिनारी मागून म्हणाला, "मला तर काही येत नाही." त्याच्या तोंडाला नात्तोचा वास येत होता. बर्फाच्या गाडीवरचे सगळे पहाटे चहाच्या टपरीवर नात्तो-भात खातात, आणि तीन आठवडे हाही खातो आहे, वर तसाच आत जातो! विचारलं तर म्हणे, "बायको गेली, आई इस्पितळात, मग मी जेवायचं काय?" मी त्याला एक शब्द ऐकवला. तो माझ्या कोणत्याही रकान्यात नव्हता.

अठ्ठावीस ट्रे आम्ही दोघांनी बर्फात उपडे केले. ट्रे उकळत्या पाण्याने धुतले, भिंती पुसल्या, घोंगड्या वाफवल्या. कागद मी फाडला. चांगलं अक्षर होतं.

मग इस्पितळात गेले आणि तोमिएला तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं. ट्रेचा भाग आला तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं.

मी म्हटलं, "का हलवलेस?"

"हात गेले."

"हात जातात म्हणजे काय? हात तुझेच आहेत ना?"

"चाळीस वर्षं मी उजवीकडून लावते. माझ्या सासूबाई उजवीकडून लावायच्या."

"आणि डावीकडे चूल आहे त्याचं काय?"

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या ओकिसे आजी म्हणाल्या, "अगं सांगून टाक की! पोरीचं बरोबर होतं आणि तुला ते हुंगल्याबरोबर कळलं होतं. रोज पुडी आली की मला म्हणायचीस, 'माझ्यापेक्षा बरा लागलाय.' तिला का नाही म्हणालीस?"

तोमिएने भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं. मग म्हणाली, "ताई, लिही. तिचे ट्रे बरोबर होते. मी सवयीने हलवले. पुढच्या वेळी हात गेले तर तिने मला हटकावं." मी विचारलं, "एवढंच?" तर म्हणाली, "तू काही छाटू नकोस म्हणजे झालं."

छाटलेलं नाही.

खोली आता रिकामी आणि थंड आहे. एक मार्चला सात दिवस आहेत. मी कोजी लावू शकत नाही. मला तुझ्या मोवाच्या पुढचं आणि मुवाच्या अलीकडचं काही कळत नाही, आणि शिकायला आता उशीर झाला आहे. योशिनारीने नात्तो सोडला आहे आणि तो ओकायामाला यायला निघतो म्हणतो. मी त्याला थांबवलं. आधी तू सांग, तो आलेला तुला चालेल का. मागच्या पत्रात मी उत्तर ताबडतोब मागितलं होतं. या वेळी मागत नाही. पण एक तारखेला आलेला तांदूळ त्याच रात्री भिजवावा लागतो, हे तुला माहीत आहे.

आणि मागच्या वेळी विचारलं नव्हतं, ते विचारते. सायोको, तू परत येशील का?

किनुए मावशी


योकोते, ११ मार्च

आदरणीय किनुए मावशींना सविनय नमस्कार.

छपरावरून पाणी गळू लागलं आहे. आपण सेंदाईला सुखरूप पोचलात हे आईंकडून समजलं.

सत्तावीसला मी आले. यांना येऊ नका म्हणून तार केली होती, तरी ते किताकामीपर्यंत आले होते. फलाटावर लांब उभे राहून म्हणाले, "जवळ येऊ का? पाच दिवस खाल्लेला नाही." मी म्हटलं, दात घासून या.

पहिला घाणा फुकट गेला असं मला वाटलं होतं. थंड पडलेली खोली लवकर जागी होत नाही. दुसऱ्या सकाळी हात घातला तर सगळं हिन्यारी, थंडगार. मी शेगडीत कोळसा वाढवला आणि आत बसून राहिले. तिसऱ्या पहाटे हवा आली. आमच्या आजी उन्हातून आणलेल्या गादीत तोंड खुपसून जो शब्द म्हणायच्या, तो माझ्या तोंडून निघाला: होको. मुवाच्या आधी, थोडा वेळच असतं. त्या वेळी ट्रे हलवले तर कोपरे मागे राहत नाहीत.

वरच्या वाडीच्या दहाही घरांचा झाला. पहिल्या आल्या त्या तोरा आजी. त्यांनी झाकण उचललं, हुंगलं, माझ्याकडे पाहिलं, काहीच न बोलता घसरगाडीवर चढवलं आणि गेल्या. मला रडूच आलं. आई घरी आल्यावर सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, बोलली नाही ना? मग उत्तम. वाईट असता तर दारातच तास घेतला असता."

आई काठीने दारापर्यंत येतात. काल बाहेरून विचारलं, "मुवा का?" मी म्हटलं, "नाही, होको." त्या म्हणाल्या, "असलं काही नसतं." मी म्हटलं, "आत या आणि उभ्या राहा." त्या आल्या. अर्ध्या तासाने म्हणाल्या, "बरं. असतं."

मावशी, आईंना आलेल्या पत्रात आपण लिहिलं होतं की नवा कागद करून पाठवते, या वेळी एकही शब्द न वगळता. आपला वेळ आणि शाई यांबद्दल मी आभारी आहे. पण कृपया पाठवू नये. जो आत येईल त्याला मी तोंडाने सांगेन, आणि कळेपर्यंत त्याच्याबरोबर उभी राहीन. दारावर खिळ्याचं भोक आहे, ते मी पिठाने बुजवलं आहे.

सोबत थोडा कोजी पाठवत आहे. प्रकृतीस जपावे.

सायोको


सेंदाई, १५ मार्च

तोमिए,

हवापाण्याची प्रस्तावना वगळते.

पुडी पोचली. पोस्टाच्या पिशवीत तीन दिवस राहूनही उघडल्यावर वास आला. कसा, ते मी सांगू शकत नाही. सकाळभर कोश घेऊन बसले, पाच शब्द काढले, पाचही खोडले. त्याची आंबील केली. शेजारच्या बाई वासावरून आल्या आणि दोन वाट्या पिऊन गेल्या. मी बोलावलं नव्हतं.

तुझ्या सुनेने मला पत्र लिहिलं आहे. मी छत्तीस वर्षं शिकवलं, अधिकाऱ्यांची मानपत्रं लिहिली, दोन शाळांच्या पाट्या माझ्या हातच्या आहेत, आणि ही पंचवीस वर्षांची मुलगी अत्यंत शुद्ध, नम्र भाषेत मला कळवते, की आपल्या अक्षराची गरज नाही. वाक्यात एकही चूक नाही. मी दोनदा तपासलं.

तुझी सून उद्धट आहे. तिला जप.

किनुए